एका फेऱ्याची चाल

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात अर्जापेक्षा मोठं असं कुणी काही लिहिलेलं नाही, आणि अर्जसुद्धा वडील दुसऱ्याकडून लिहून घेत. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही बोटींच्या इंजिनिअरिंगला. त्यामुळे मला लिहिता येतात ते प्रयोगांचे अहवाल. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. माणसाबद्दल कसं लिहितात हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना हे वाचून दाखवलं असतं तर तिसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला असता. "अर्जापेक्षा मोठं म्हणजे किती मोठं?"

तरी लिहितोय. कारण आमच्या वर्गात त्यांची जी गोष्ट सांगितली जाते ती अर्धी आहे. "घरमालकाच्या हातातून पंखा हिसकावून घेतलेला तो" अशी माझी ओळख शेवटच्या वर्षी झाली होती. मी हिसकावला नव्हता. नेमकं काय झालं ते सांगायचं तर आधी तो माणूस सांगायला हवा, आणि तो मला कितपत जमेल याची मला धास्ती वाटते.

चेन्नईत मी अंबत्तूरला राहायचो. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या अंगाला, रुळांच्या जवळ त्यांचं दुमजली घर होतं आणि वरची खोली भाड्यानं द्यायची होती. मेसमधला एक तमिळ मुलगा म्हणाला, "तुमचीच भाषा बोलतात ते." घर सोडून मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, पण मराठी ऐकायला कान आसुसले होते. मी धावतच गेलो. लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेल्या, उंच, किंचित वाकलेल्या माणसानं दार उघडलं. मी मराठीत बोलताच त्यांचा चेहरा उजळला.

"या, या. बेश झालं. कुठले तुम्ही?"

"बार्शीचा."

"ते कुठे अहे?"

मराठी माणसाला बार्शी माहीत नाही याचं मला नवल वाटलं. पण ही तंजावरची मराठी होती. कितीतरी पिढ्यांपूर्वी दक्षिणेत येऊन राहिलेल्या लोकांची. कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचावी तशी ऐकू यायची. आम्ही बराच वेळ बोललो. मग त्यांनी विचारलं, "राहावयास कधी येणार?"

"साधारण पंधरा दिवसांनी."

त्यांचा चेहरा मिटला. "सरि. मग बोलावयासही साधारण पंधरा दिवसांनी या," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

मी पायरीवर तसाच उभा. शेजारची खिडकी उघडली आणि आतून एक ठेंगण्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तारीख सांग बाळ, तारीख. ह्या घरात 'साधारण' म्हणत नाहीत."

त्या मामी. आणि ते मामा. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. तिथं त्या वयाचे सगळेच मामा असतात. मी तारीख सांगितली आणि त्या तारखेला राहायला गेलो.

मामा नुंगंबाक्कमच्या एका कचेरीत हिशेब तपासायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं. मॉडेल बोटींचे पंखे मोजायचं. अशा बोटी चालवणारे लोक असतात हे मलाही चेन्नईत येईपर्यंत ठाऊक नव्हतं. हातभर लांबीची होडी, पोटात मोटर, शेपटीला पितळेचा पंखा, आणि काठावर रिमोट घेऊन उभी असलेली चांगली नोकरदार, टक्कल पडलेली माणसं. पंख्याच्या पाकिटावर जे माप छापलेलं असतं ते सहसा खरं नसतं. म्हणून चेन्नईचे, बंगळूरचे, कोचीचे हे हौशी लोक आपले पंखे मामांकडे कुरियरनं पाठवत आणि मामा खरं माप दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून परत करत.

माप कसलं, तर चालीचं. स्क्रू एक फेरा फिरवला की लाकडात ठरावीक अंतर आत जातो. तसाच पंखा. पाणी जर लाकडासारखं घट्ट असतं, तर पंख्याच्या एका फेऱ्यात होडी जेवढी पुढे सरकली असती ते अंतर म्हणजे त्याची चाल. कॉलेजात आम्ही पिच म्हणायचो, मामा चाल म्हणत. ती मोजायला त्यांच्याकडे जाड काचेवर बसवलेला एक खुंट होता आणि खुंटाखाली अंशांच्या खुणा असलेली तबकडी. पंखा खुंटावर बसवायचा. वरून डायलची सुई पात्यावर टेकवायची. तबकडी फेऱ्याचा नववा हिस्सा फिरवायची, सुई किती खाली उतरली ते डायलवर वाचायचं आणि नवानं गुणायचं. ऐकायला सोपं आहे. पण वाचताना एक चूक झाली की तीही नवानं गुणली जाते.

म्हणून त्या घरात सगळे श्वास धरून असत. पंखा आला की तो रात्रभर काचेवर पडून राहायचा. "आणणाऱ्याच्या हाताची ऊब विसरू दे त्यास," मामा म्हणत. मग पहाटे, पितळ थंड असताना ते बसत. त्या वेळी छताचा पंखा लागत नसे, मिक्सर लागत नसे, कुकर तर नाहीच. रुळांवरून गाडी गेली की काच हलते, म्हणून त्यांना सगळ्या गाड्या पाठ होत्या. मालगाड्यासुद्धा. दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत ते सुई टेकवत. मी वर खोलीत पलंगावर कूस बदलली तर खालून काठीचा टोला यायचा.

पात्याच्या नेमक्या कुठल्या जागी सुई टेकवायची त्याची खूण करायला ते खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू वापरत. मामींचा करंडा कायम त्यांच्या टेबलावर.

"माझ्या कपाळास लागत नाही तेवढं त्या पितळेस लागतं," मामी म्हणायच्या. "लग्न होऊन आले तेव्हा मज वाटलं, हे पहाटे पूजेस बसतात. सासूस म्हटलं, किती धार्मिक. सासू म्हणाली, जवळ जाऊन बघ कुठला देव अहे तो."

"त्या वेळी पंखे नव्हते. घड्याळं होती," मामांनी आतून दुरुस्ती केली.

"झालं. देव बदलला, पुजारी तोच."

मामा स्वतः कधी तळ्यावर गेले नाहीत. ज्या होड्यांचे पंखे मोजले त्यांतली एकही त्यांनी पाण्यात पाहिली नव्हती. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "पाण्यात वारा असतो, शेवाळ असतं, दैव असतं. तिथं कुठला आकडा खरा? मज माझी काच पुरे."

माझ्या प्रकल्पात त्यांना रस वाटला हे मी अजून माझं भाग्य समजतो. पुराच्या पाण्यात अरुंद गल्लीतून जाईल अशा बचाव होडीचं मॉडेल मी करत होतो. मागे दोन पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. एक उजव्या हाताचा, एक डाव्या हाताचा. पहिल्या चाचणीसाठी साधेच पंखे आणायला मी शहरातल्या दुकानात निघालो, तेव्हा मामा जिन्यापाशी येऊन म्हणाले, "हात कुठला ते मागून बघ. विसरू नको."

मी दुकानात गेलो आणि मागून बघितलं. म्हणजे दुकानदाराकडे मागणी केली. मोडक्या तमिळमध्ये विचारलं, "हात कुठला?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि उजवा हात वर करून दाखवला. मला वाटलं, काम झालं. दोन पंखे घेऊन आलो. कॉलेजच्या टाकीत होडी सोडली तर ती भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरायला लागली. एक पंखा पुढे ढकलत होता, दुसरा मागे. दोन्ही उजव्या हाताचे होते. काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तर मामांनी पंखे बघितले आणि कपाळाला हात लावला. "मागून बघ म्हटलं होतं की नाही?"

"मागितलं ना मामा. दुकानदाराला विचारलं. त्यानं उजवा सांगितला."

मामांना काही उमजेना. मामी मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हसत बसल्याच. "अय्यो, त्यानं मागून बघितलं! देणाऱ्यानं दिलं!"

"मागून म्हणजे पाठीकडून, पा!" मामा ओरडले. पा म्हणजे तिकडचं 'बाबा रे'. "पंखा पाठीकडून बघावयाचा असतो, होडीच्या मागे उभं राहून. तेव्हा त्याचा हात कळतो. बार्शीस मागून म्हणत नाहीत?"

"म्हणतात. पण मागून बघ म्हटलं की आधी मागायलाच जातो माणूस."

त्या दिवसापासून ते मला प्रत्येक गोष्ट तीन भाषांत सांगू लागले. आधी त्यांच्या मराठीत, मग तमिळमध्ये, मग इंग्रजीत. आणि शेवटी विचारत, "काय समजलास ते सांग."

माझे वडील शिंपी आहेत. एकदा त्यांचा फोन आला असताना मामांनी उत्सुकतेनं तो मागून घेतला. मापाचा माणूस मापाच्या माणसाशी बोलणार म्हणून मीही खूश होतो. वडील नम्रपणे म्हणाले, "आम्ही काय साहेब, दोन बोटं सैलच ठेवतो. माणूस वाढतो, कापड आटतं." मामा फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझे वडील सज्जन अहेत. पण त्यांच्या हाती पंखा देऊ नको."

हे सगळं मी हसत सांगतोय, पण शेवटच्या वर्षी त्या घरात कुणी फारसं हसत नव्हतं.

आधी वर्तमानपत्र बंद झालं. म्हणजे यायचं, पण मामी वाचून दाखवायच्या. "तिचा उच्चार सुधारतो," मामा म्हणत. मग कॉफी. पेल्यातून वाटीत ओतताना धार वाटीच्या बाहेर पडू लागली आणि मामी काही न बोलता फडका फिरवू लागल्या. एका सकाळी दारातली ओली रांगोळी तुडवून मामा बाहेर गेले. मागे वळून पाहिलंही नाही. जो माणूस पात्यावर केसाएवढी रेघ काढायचा, त्याच्या कुंकवाच्या रेघा आता जाड येत होत्या आणि मधेच तुटत होत्या.

पण आकडे येत होते. चिठ्ठ्या जात होत्या. बंगळूरहून एकाचा फोन आला, की मामा, या वेळचं माप जरा विचित्र वाटतंय. मामा म्हणाले, "तुमचा पंखा विचित्र अहे," आणि फोन ठेवला.

मामींनी मला अंगणात गाठलं. "तू सांग त्यांस. डोळे दाखवा म्हणून सांग. माझं ऐकत नाहीत. मुलीनं फोनवर सांगितलं तर तिच्याशी बोलणं सोडलं."

"मी कसं सांगणार मामी?"

"तुज बरोबरचा समजतात. मोजणारा."

मी तसा नव्हतो. सांगायची हिंमतही नव्हती. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढल्या त्यांना, तुम्हाला दिसत नाही, असं वरच्या खोलीतल्या पोरानं सांगायचं? मी रोज ठरवायचो आणि रोज फक्त "येतो मामा" म्हणून गाडी पकडायचो.

मग ते माझ्याच अंगावर आलं. माझ्या होडीसाठी पंख्यांची खरी जोडी मी इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात खास कातून घेतली होती. उजवा आधीच तयार झाला होता. तो मामांनी दिवाळीच्या आधी मोजून दिला होता आणि ते माप बरोबर होतं. डावा पोंगलच्या तोंडावर हातात आला आणि वर्कशॉप बंद करून मालक गावी गेला. सुट्टी संपताच बाहेरच्या परीक्षकांसमोर माझी चाचणी होती. होडी सरळ गेली तर पदवी, आणि पदवी असेल तर कोचीच्या एका यार्डात नोकरी. नाही गेली तर पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा. आमच्या घरी पुन्हा या शब्दाला जागा नव्हती. मी डावा पंखा मामांच्या काचेवर ठेवला.

भोगीची पहाट होती. चेन्नईत त्या दिवशी घराघरासमोर जुनंपानं जाळतात, आणि अख्खं शहर धुरात बुडतं. मी खाली आलो तेव्हा मामांचं मोजून झालं होतं. मेणबत्तीएवढ्या ज्योतीची छोटी गॅसबत्ती पेटलेली होती आणि शेजारी पाती पिळायचा लाकडी चिमटा.

"हा आजारी अहे," मामा म्हणाले. "चाल कमी भरते. नऊ मिलिमीटर कमी. तीनदा मोजला. पातं तापवून पिळून देतो, उजव्याच्या बरोबरीस येईल."

मामांनी याआधीही पाती पिळली होती, पण केसभर. नऊ मिलिमीटरसाठी पितळ इतकं पिळायचं म्हणजे ते तडकणार हे मलाही कळत होतं. मी दोन्ही पंखे शेजारी ठेवून पाहिले. आरशात बघावं तसे ते एकसारखे होते.

"मामा, डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसतात."

"डोळ्यांना?" ते हसले. "डोळा कुणास फसवत नाही? म्हणून तर काटा अहे, पा."

"पण काटा वाचायला..."

मामांनी मान वर केली.

"काटा वाचावयास काय?"

मामी कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, मागेही फिरल्या नाहीत. मामांनी चिमटा उचलला आणि पातं त्यात धरलं. बत्तीची ज्योत पात्याजवळ आणली.

डायलवर दोन काटे असतात. मोठा काटा शतांश दाखवतो, आणि एक पूर्ण फेरा झाला की एक मिलिमीटर. असे किती फेरे झाले हे आतल्या छोट्या गोलातला छोटा काटा सांगतो, तांदळाच्या दाण्याएवढा. मला एकाएकी सगळं लख्ख दिसलं. एक मिलिमीटर, गुणिले नऊ.

"मामा, थांबा. आधी सुई पुन्हा टेकवू. एकदाच."

"तीनदा मोजला सांगितलं की."

"माझ्यासाठी."

ते चिडले होते, पण त्यांनी बत्ती खाली ठेवली. पंखा खुंटावर बसवला. त्यांचे हात अजूनही अजिबात कापत नव्हते. सुई टेकवली, तबकडी फिरवली. "सतरा शतांश," ते म्हणाले. मोठा काटा बरोबर सतरावर होता.

"आणि छोटा काटा?"

"काय?"

"आतल्या गोलातला. तो आत्ता किती दाखवतोय?"

मामा वाकले. आणखी वाकले. नाक काचेला लागेपर्यंत वाकले. एका बाजूनं पाहिलं, मग मान कलती करून दुसऱ्या बाजूनं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, म्हणून काट्याकडे बघत राहिलो.

"धूर अहे फार," ते म्हणाले. "भोगीचा. अगो, खिडकी लाव."

"लावलेलीच अहे," मामी दारातून म्हणाल्या. "रात्रीपासून."

मग मामा म्हणाले, "तीन असेल."

असेल. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला वाटतं त्यांनीही ऐकला नव्हता.

"चार आहे मामा," मी म्हटलं.

रुळांवरून गाडी गेली. काच थरथरली, काटा थरथरला. ते तसेच बसून होते. गाडी गेल्यावर त्यांनी पंखा खुंटावरून काढला आणि उघड्या तळहातावर ठेवून माझ्यापुढे केला.

"घे. ने."

मी घेतला. एवढंच घडलं. हिसकावला म्हणतात तो हा.

बत्ती मामींनी विझवली. काचेवर, खुंटावर, डायलवर मामांनी आपली धुतलेली वेष्टी पांघरली, चारी कोपरे नीट दुमडून. सुट्टीत मी मामींची परवानगी घेऊन ती वेष्टी उचलली आणि माझे मीच दोन्ही पंखे पुन्हा मोजले. त्या वेळी मामा गच्चीवर जाऊन बसले होते. माझाच आकडा अहवालात गेला. चाचणीला होडी टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले आणि सही केली.

मी पेढे घेऊन आलो. मामांनी एवढंच विचारलं, "सरळ गेली?"

"गेली."

"डावा तूच मोजलास?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. बेश म्हणाले नाहीत.

त्यानंतर मामींनी, मुलीनं, मी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. आता बोलायला लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण ते दवाखान्यात जाईनात. "आता काय मोजावयाचं अहे मज?" एवढंच म्हणायचे. आलेले पंखे न उघडताच परत जाऊ लागले. पहाटे मिक्सर सुरू झाला, कुकरच्या शिट्ट्या होऊ लागल्या. मला त्या ऐकवत नसत. मी वर खोलीत धाडकन पाय आपटले तरी खालून काठीचा आवाज येत नव्हता.

जूनमध्ये मी कोचीला रुजू झालो. निघताना दोन्ही पंखे मी त्या वेष्टीखाली काचेवर ठेवून आलो. ते माझ्याकडे असावेत असं मला वाटलं नाही. सुरुवातीला फोन करायचो. मामी म्हणायच्या, "बसलेत." पुढे त्या दोघांना मुलगी घेऊन गेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला, आणि जुना फोन लागेनासा झाला. मी वर्गातल्या दोघांना चौकशी करायला सांगितली. दोघेही विसरले. मनात येईल ते सगळं येऊन गेलं. लिहायला घेतलं ते त्याच दिवसांत, आणि इथवर लिहून थांबलो होतो.

गेल्या रविवारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मामी होत्या. आधी माझं जेवणखाण विचारलं, वडिलांचं विचारलं. मग म्हणाल्या, "उजवा डोळा गेला रे. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. फार उशीर केलात म्हणाले. तो आता येत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डाव्यात मोतीबिंदू होता, तो काढला. मुलीनं गाडीत घालून नेलं, भांडून. त्यातून दिसतं. पट्टी सोडली तशी म्हणाले, अंबत्तूरास चला. आलोत परत आम्ही."

"मामा कसे आहेत?"

"तुज निरोप अहे. थांब, नीट सांगू दे, चुकलं तर मज ओरडतील." त्यांनी घसा साफ केला. मागून मामांचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. "तुझा डावा पंखा मोजला. त्यांचा मिलिमीटर चुकला होता. तुझा मिलिमीटर बरोबर अहे, पण शतांश चुकले. दोन. कॉलेजास कळव म्हणतात."

मी हसलो. "मामी, त्यांनी स्वतः वाचलं?"

मामी फोन तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "मोठा काटा त्यांनी वाचला. छोटा मी. त्यांनीच हाक मारून बोलावलं मज."